पाठीवर गाठ घेऊन आलेले मूल आणि त्याची बुद्धी



सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत दुसरीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. आई त्याला कडेवर घेऊन आली होती. विड्या वळून घर चालवणारी बाई. मुलाच्या पायांत कॅलिपर, डोके अंगाच्या मानाने थोडे मोठे. दारातूनच ती म्हणाली, "गुरुजी, पायानं अधू हाय, डोक्यानं न्हाई. बोलवून बघा की." मी बोलवून पाहिले आणि खरोखर थक्क झालो. पंधरापर्यंतचे पाढे घडाघडा, कविता तालासुरात, आणि वर मलाच प्रश्न, "गुरुजी, तुमच्या घरी कोण कोण असतं?" असा चुरूचुरू बोलणारा मुलगा वर्गात क्वचितच मिळतो. मी आनंदाने नाव दाखल करून घेतले.

सहामाहीला त्याच मुलाच्या प्रगतिपत्रकावर मी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला, "हुशार, परंतु आळशी. लक्ष देत नाही." लेखी गणितात त्याला भोपळा मिळाला होता. वहीत आकडे सैरावैरा पसरलेले, धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे अर्धवट, फळ्यावरचे उतरवून घेताना निम्मा मजकूर गायब. ज्याला एवढे बोलता येते त्याला एवढे लिहिता येऊ नये, याचा अर्थ तो टाळाटाळ करतो, असा सरळ हिशेब मी केला. तो हिशेब चुकीचा होता. कसा चुकीचा होता हे समजून घ्यायला मला पुढे बराच काळ लागला. तेवढा वेळ इतर शिक्षकांचा आणि पालकांचा जाऊ नये, एवढ्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. अनेक वर्षे खडू धरलेला एक शिक्षक आहे. औषधोपचाराबाबत शेवटचा शब्द डॉक्टरांचाच मानावा.

कण्याला फट कशी पडते

या व्याधीला वैद्यकशास्त्रात स्पायना बायफिडा म्हणतात, म्हणजे दुभंगलेला कणा. आपल्याकडे लोक "पाठीवर गाठ घेऊन जन्मलं" असे म्हणतात. गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरील पेशींचा एक पट्टा दोन्ही कडांनी वर उचलला जाऊन मिटतो आणि त्याची नळी बनते. या नळीचा वरचा भाग म्हणजे पुढे मेंदू, खालचा भाग म्हणजे मज्जारज्जू. ही नळी सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पूर्ण मिटलेली असते. खालच्या बाजूला ती कोठे उघडी राहिली, तर त्या जागी मणक्याची कमान तयार होत नाही आणि मज्जारज्जू व त्याची आवरणे पाठीवर पिशवीसारखी बाहेर येतात. या गंभीर प्रकारास मायलोमेनिंगोसील असे नाव आहे. याहून सौम्य प्रकारही असतात. काही माणसांच्या मणक्यात बारीकशी फट असून ती त्यांना जन्मभर कळतही नाही. या लेखात विचार आहे तो गंभीर प्रकाराचा.

गाठ ज्या पातळीवर असेल तिच्या खालच्या भागातील स्नायूंची शक्ती आणि त्वचेची संवेदना कमी होते. लघवी आणि शौचावरचा ताबाही जातो. हे डोळ्यांना दिसते. पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अशी की, हा केवळ पाठीचा आजार नाही. गर्भावस्थेतच मेंदूचा मागचा खालचा भाग, म्हणजे लहान मेंदू, कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेकडे खाली ओढला जातो. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा अनेकांत अपुरा असतो. आणि मेंदूतील पाण्याची वाट अडल्यामुळे बहुसंख्य मुलांच्या "डोक्यात पाणी होते". त्या पाण्याच्या दाबाने मेंदूचे सर्व भाग सारखे दबत नाहीत. मागचा भाग पुढच्या भागापेक्षा जास्त पातळ होतो. डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंची जागा, अंतर, दिशा यांचा मेळ घालण्याचे काम बहुतांशी मागच्या भागाकडे असते. माझ्या वर्गातील त्या मुलाच्या वहीचे कोडे येथेच उलगडते.

आईवरचा ठपका

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. असे मूल जन्मले की पहिली चौकशी होते ती आईची. ग्रहणात भाजी चिरली असेल, कोणाची नजर लागली असेल, मागल्या जन्मीचे काही असेल. त्या बाईलाही सासरी हेच ऐकावे लागले होते. ग्रहणाचा आणि कण्याचा काडीचा संबंध नाही. कारणे अनेक पदरी आहेत. काही आनुवंशिक कल असतो, आईचा मधुमेह आटोक्यात नसणे किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएटसारखे औषध चालू असणे यांनी धोका वाढतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची कमतरता.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा धागा आपल्या महाराष्ट्रातल्या गिरणी कामगार बायांपर्यंत जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईला आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना होणारा जीवघेणा रक्तक्षय हा तिच्या अभ्यासाचा विषय. जंतू शोधून झाले, मग तिने बायांच्या ताटाकडे पाहिले. गरीब बायांच्या जेवणात काहीतरी उणे आहे हे तिच्या ध्यानी आले आणि यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने त्यांचा रक्तक्षय बरा होतो, असे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. मार्माइटमधील तो अज्ञात घटक म्हणजेच फोलेट. 1941 मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळाले. पुढे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 7 देशांतील 33 केंद्रांत प्रयोग केला. ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा मातांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले असता पुन्हा तसेच मूल होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष 1991 मध्ये जाहीर झाला.

"आधीपासून" या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. नळी मिटते अठ्ठाविसाव्या दिवशी. पाळी चुकल्याचे ध्यानात येईपर्यंत त्यातले दोन आठवडे संपलेले असतात. आपल्याकडे दवाखान्यात नाव घातले जाते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात चौथ्यात. त्या गोळ्या रक्तासाठी आवश्यकच आहेत, पण कण्यासाठी त्या उशिरा पोचतात. म्हणून मूल हवे असे ठरल्यापासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावी, असे सांगितले जाते. आधी असे मूल झालेल्या आईला मात्रा मोठी लागते, ती डॉक्टरांनी ठरवावी. हरभरा, डाळी, शेंगदाणे, मेथी-पालकासारख्या पालेभाज्या यांत फोलेट असते. आपल्या सोलापूरच्या शेंगाचटणीतही ते आहे. परंतु शिजवताना त्यातला बराच भाग नष्ट होतो, तेव्हा नुसत्या चटणी-भाकरीवर भिस्त ठेवता येत नाही.

एक आकडा आणि त्याच्यामागे लपलेले दोन

आता मूळ विषयाकडे वळू. या मुलांची बुद्धी कशी असते? लोक दोन टोकांची उत्तरे देतात. डोके मोठे दिसले की "मतिमंद आहे" म्हणून मोकळे होतात. मूल बोलले की "एकदम तल्लख आहे" म्हणतात. दोन्ही उत्तरे मुलाचे नुकसान करतात. वस्तुस्थिती अशी आहे की बहुसंख्य मुलांची एकूण बुद्धी बौद्धिक अक्षमतेच्या रेषेच्या वरच असते, सर्वसाधारण सरासरीहून काहीशी खाली. ज्यांच्या डोक्यात पाणी झाले नाही त्यांची बुद्धी बहुधा चारचौघांसारखी असते. ज्यांच्या शंटला जंतुसंसर्ग झाला किंवा ज्यांच्यावर वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, त्यांच्यात नुकसान जास्त आढळते. पण सरासरीपेक्षाही महत्त्वाची आहे ती बुद्धीची घडण.

या बाबतीत बुद्धिमापनाच्या आपल्याकडील दोन कसोट्यांची माहिती उपयोगी पडेल. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. बिने-कामत कसोटी म्हणून ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. तिच्यात भाषेवर भर जास्त आहे आणि शेवटी हाती येतो तो एकच बुद्ध्यंक. त्यानंतर नागपूरचे डॉ. आर्थर मालिन यांनी 1969 मध्ये वेश्लरच्या कसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले. त्यात शाब्दिक आणि कृतियुक्त असे दोन विभाग असून दोन्हींचे अंक वेगळे मिळतात. शाब्दिक विभागात शब्दांचे अर्थ, साम्य ओळखणे, सामान्य माहिती. कृतियुक्त विभागात ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, तुकडे जोडणे, चिन्हे भरणे. स्पायना बायफिडा असलेल्या अनेक मुलांचा शाब्दिक अंक चांगला येतो आणि कृतियुक्त अंक त्याच्या बराच खाली. दोन्हींची सरासरी काढली की एक असा आकडा हाती येतो जो मुलाच्या कोणत्याच बाजूचे खरे वर्णन करत नाही. म्हणून पालकांनी अहवालात एकच आकडा पाहून घरी जाऊ नये. दोन्ही विभाग वेगळे मागावेत.

(आपल्या गावात आणखी एक पेच आहे. घरी तेलुगू, गल्लीत कानडी, शाळेत मराठी अशी मुले येथे शेकड्यांनी आहेत. अशा मुलाची शाब्दिक कसोटी नुसत्या मराठीतून घेतली तर तो अंकही खरा राहत नाही. कसोटी घेणाऱ्याला घरची भाषा आधी सांगावी.)

कॅनडातील मॉरीन डेनिस आणि मार्सिया बार्न्स यांनी अशा मुलांच्या बुद्धीचा अभ्यास अनेक वर्षे केला. 2010 मध्ये त्यांनी मांडलेला विचार मला फार उपयोगी वाटला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: या मुलांना एका गोष्टीची दुसरीशी सांगड घालून ती पक्की करणे चांगले जमते. आवाज आणि अक्षर, शब्द आणि अर्थ, चेहरा आणि नाव, पाढ्याची एक ओळ आणि पुढची ओळ. परंतु समोर आलेले वेगवेगळे तुकडे त्या क्षणी जुळवून त्यातून नवे काही उभे करणे त्यांना जड जाते. आपल्या यंत्रमागाचे उदाहरण घेतो. जॅकार्डवर कार्डे चढवलेली असली की चादरीवरचा मोर आपोआप विणला जातो, कितीही चादरी काढा. पण नवे डिझाइन कागदावर चौकटी मोजून उतरवायचे आणि त्यावरून कार्डे पाडायची, हे काम निराळे. या मुलांचा माग उत्तम चालतो. अडते ते नवी कार्डे पाडताना.

हे एकदा कळले की बाकीचे कोडे सुटत जाते. वाचनाचेच पाहा. असे मूल धडा खणखणीत वाचते, अवघड जोडाक्षरेही अडत नाहीत. मास्तर खूश होतात. मग "आजीने आभाळाकडे पाहिले आणि घाईघाईने वाळवण आवरायला घेतले" असे वाक्य येते. आजीने काय पाहिले? "आभाळ." काय आवरले? "वाळवण." घाई कशाची होती? मूल गप्प, किंवा भलतेच काही सांगते. पाऊस हा शब्द वाक्यात नाही. तो आभाळ, वाळवण आणि घाई या तीन गोष्टी एकत्र आणून मनात तयार करायचा असतो. नेमके तेच जमत नाही. त्याला कान आहेत, शब्द आहेत, सारे आहे. जुळवणी राहून जाते.

बोलण्याचेही तसेच. अखंड, व्याकरणशुद्ध, मोठ्या माणसांचे वाक्प्रचार वापरून बोलणारी पण विषयाला धरून न राहणारी मुले डॉक्टरांनी फार पूर्वी टिपली होती. पाश्चात्य पुस्तकांत त्याला काहीसे कुचेष्टेचे नावही मिळाले होते. सगळीच मुले तशी नसतात, ही थोड्यांचीच गोष्ट. परंतु बोलके मूल सर्वांना समजले असेल असे आपण गृहीत धरतो, आणि न समजलेले तसेच पुढे रेटत नेतो. माझी चूक अगदी हीच होती.

लक्ष देण्याबाबतही गैरसमज होतो. या मुलांना एकदा कशावर मन बसले की ते टिकवता येते. पण एका गोष्टीवरून लक्ष सोडवून दुसरीकडे वळवणे त्यांना हळू जमते. फळा, वही, पुन्हा फळा, असे शंभर वेळा डोके वर-खाली करायचे म्हणजे प्रत्येक खेपेला जागा हरवते. त्यात हातही मंद. लहान मेंदूच्या दोषामुळे बोटांच्या बारीक हालचाली अचूक होत नाहीत. आपण पाय पाहतो आणि हात ठीक आहेत असे धरून चालतो.

गणित: हातचा कोठे हरवतो

गणिताबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी कोंडी तेथेच होते.

त्या मुलाला मी तोंडी विचारले, सत्तेचाळीस आणि अडतीस किती? बोटे मोजून, वेळ घेऊन त्याने पंच्याऐंशी सांगितले. तेच गणित त्याने वहीत मांडले तेव्हा 38 मधला 8 हा 7 च्या खाली न येता 4 च्या खाली आला, 3 त्याच्याही डावीकडे गेला, आणि उत्तर आले 427. बेरीज म्हणून पाहिली तर त्याने जे मांडले त्याची बेरीज बिनचूक होती. चुकली होती ती जागा. एकक-दशक ही कल्पना मुळात जागेची आहे. उजवीकडचे घर एककाचे, त्याच्या डावीकडचे दशकाचे, आणि हातचा डोक्यावर नेमक्या घरात. ज्याला कागदावरची घरेच स्थिर दिसत नाहीत त्याचा हातचा कोठे जाणार?

त्यात आपल्या भाषेची भर पडते. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी उच्चारला जातो आणि लिहिताना चार आधी येतो. एकोणपन्नास म्हणताना तर चार आणि नऊ दोन्ही ऐकूच येत नाहीत, ऐकू येते पन्नास. मूल 59 लिहून मोकळे होते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"च्या जोडीने "वीस एक" अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर टीकेचे मोहोळ उठले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीसाठी ती कशी आहे हे परोपरीने समजावून सांगितले. भाषेचे काय होईल हा वाद मोठ्यांनी जरूर घालावा. पण जागेचे भान कच्चे असलेल्या मुलाला मी खाजगीत "चाळीस सात" असेच सांगत आलो आहे, आणि त्याचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे.

दुसरा उपाय त्याहून साधा. मोठ्या चौकटींची वही घ्यावी. एका चौकटीत एकच आकडा. एककाच्या रकान्यावर हिरवी रेघ, दशकाच्या रकान्यावर लाल. एका पानावर दोनच गणिते. फळ्यावरून उतरवून घ्यायला लावू नये, गणित छापून किंवा लिहून हातात द्यावे. आणि प्रत्येक पायरी तोंडाने म्हणायला लावावी: "आधी एकक. सात आणि आठ पंधरा. पाच खाली, एक हातचा लाल घरावर." ही पायऱ्यांची माळ त्याला कवितेसारखी पाठ होते. जे जुळवून जमत नाही ते पाठांतराच्या रस्त्याने आणायचे, एवढेच यातले तत्त्व. धड्याबाबतही हाच मार्ग: "कोणी केले? का केले असेल? त्याआधी काय झाले?" हे तीन प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला ठरलेले ठेवावेत.

एक मात्र खरे की पैसे, वेळ, अंतर यांचा हिशेब मोठेपणीही यांना जड जातो. म्हणून घड्याळ पाहणे, सुट्टे पैसे परत घेणे, बसचे वेळापत्रक या गोष्टी अपूर्णांकांच्या आधी शिकवाव्यात असे माझे मत आहे. अभ्यासक्रम काहीही म्हणो.

रांगणे आणि शिकणे

पालकांनी वाचावा असा हा भाग. आपण समजतो की मूल आधी समजू लागते आणि मग हालचाल करते. उलटही घडते. अमेरिकेत जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी स्पायना बायफिडा असलेल्या थोड्याच बाळांचा महिनोन् महिने मागोवा घेतला आणि 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. लपवलेली वस्तू शोधणे, मोठ्या माणसाने बोट दाखवलेल्या दिशेला पाहणे, या गोष्टी त्या बाळांत उशिरा आल्या. आणि आल्या त्या बाळ स्वतः सरकू लागल्यानंतर. म्हणजे कडेवर फिरवलेल्या बाळाला जग दिसते, पण जगाची मांडणी कळत नाही. ती स्वतः सरकून कळते.

आपल्याकडे प्रेमापोटी असे मूल चार-पाच वर्षे कडेवरून खाली उतरतच नाही. त्याऐवजी गुळगुळीत फळीला चार चाके लावून त्यावर पोटावर झोपवावे, हातांनी ढकलत फिरू द्यावे. खेळणे हातात न देता दोन हात दूर ठेवावे. फक्त एक जपावे. पायांना संवेदना नसल्याने खरचटलेले, भाजलेले त्याला कळत नाही. जाड विजार घालावी आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या फरशीवर, पत्र्याजवळ बसवू नये. रोज रात्री पाय उलटून पाहावेत. फुगे आणि रबरी वस्तूंची ॲलर्जी या मुलांत बरीच आढळते, तेही ध्यानात असावे.

नळी बंद पडली तर

डोक्यातील पाणी त्वचेखालून पोटात सोडणारी बारीक नळी, म्हणजे शंट. तिच्या झडपेची कथा हृदयस्पर्शी आहे. अमेरिकेतील जॉन होल्टर या यंत्र कारागिराला 1955 मध्ये असा मुलगा झाला. मुलाचे हाल पाहून त्याने स्वतः झडप तयार केली आणि 1956 पासून युजीन स्पिट्झ या शल्यचिकित्सकाने ती मुलांना बसवली. त्याआधी अशा मुलांना बहुधा मरू दिले जाई. आता भारतातही छाब्रा शंटसारख्या स्वदेशी नळ्या तयार होतात आणि त्या परदेशी नळ्यांच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत.

ही नळी आयुष्यात केव्हाही बंद पडू शकते. डोके दुखणे, सकाळी उलटी, सुस्ती, डोळे तिरके होणे ही लक्षणे पुस्तकात असतात. परंतु कित्येकदा पहिले लक्षण दिसते ते शाळेत. तिसरीत असताना दिवाळीनंतर त्या मुलाचे अक्षर बिघडले. पाठ असलेले पाढे अडखळू लागले. दुपारी बाकावर डोके ठेवून झोपायचा. मी त्याला दोनदा उभे केले, एकदा आईला बोलावून "घरी टी.व्ही. फार बघतो का?" असे विचारले. तीन आठवड्यांनी तो उलट्या करीत असताना त्याला पुण्याला न्यावे लागले. नळी तुंबली होती. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले, पण बारापुढचे पाढे त्याला नव्याने पाठ करावे लागले. ते तीन आठवडे माझ्या खाती आहेत.

म्हणून शिक्षकांना विनंती. शंट असलेल्या मुलाचे काम अचानक घसरले तर ते शिस्तीचे प्रकरण समजू नये. त्याच दिवशी पालकांना कळवावे. पालकांनीही शाळेत नाव घालताना "नळी टाकलेली आहे" हे लपवू नये. पुष्कळजण प्रवेश नाकारतील या भीतीने लपवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार ठराविक टक्केवारीचे दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. ही भीक नव्हे.

लघवीचा प्रश्न शाळेत कोणी उघड बोलत नाही, पण मुले शाळा सोडतात ती पुष्कळदा त्यापायीच. दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढणे हा उपाय 1972 मध्ये अमेरिकेतील जॅक लापिडिस यांनी रूढ केला आणि त्याने असंख्य मूत्रपिंडे वाचली. मूल आठ-दहा वर्षांचे झाले की हाताने ते करू शकते. पण वेळ आठवत नाही! ठरल्या वेळी ठरलेले काम आठवणे हीसुद्धा या मुलांची कच्ची बाजू आहे. त्याला "विसराळू" म्हणून रागावण्याऐवजी गजराचे मनगटी घड्याळ द्यावे. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा आणि एक स्वच्छ, कडी लागणारी मोरी एवढ्यावर काम भागले.

तपासणीची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाली. जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत पहिलेच नाव कण्याच्या या दोषाचे आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या पथकाला मूल दाखवावे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागून घ्यावी. आपल्या शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे, चौकशीची सुरुवात तेथून करता येईल. जाताना मुलाच्या वहीची दोन-चार पाने बरोबर न्यावीत. बोलक्या मुलाची अडचण दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. वही पाहिली की येते.

तो मुलगा यथावकाश दहावीला बसला. मराठीत वर्गात दुसरा आला, गणितात काठावर पास झाला. पेपरला जादा वेळ मिळाला होता आणि कच्च्या कामासाठी चौकटींचा कागद. निकालाच्या दिवशी आई पेढे घेऊन आली. तिच्या पिशवीत दुसरीची ती जुनी वहीही होती, हिरव्या-लाल रेघांची. आता तिच्या बहिणीच्या मुलीला ती हवी होती. तिचे कण्याचे काही नव्हते, फक्त हातचा हरवत होता.